ट्रम्पना भरभरून मतं देणाऱ्या गावांनी हा डेमोक्रॅट आमदार कसा निवडून दिला?

८ मे २०१६, रविवार. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात, लोगन काउंटीमध्ये एक छोटा राजकीय कार्यक्रम सुरू होता. खाणं-पिणं, गप्पा, ओळखीपाळखी, असा गावाकडचा साधा मेळावा. तिथे एका माणसाने उमेदवाराला सांगितलं, माझ्या गाडीला तुमचं स्टिकर लावून द्या. उमेदवार स्टिकर लावायला खाली वाकला आणि त्याच्यावर हल्ला झाला. चेहऱ्याची हाडं मोडली, डोळे सुजून बंद झाले, थेट हॉस्पिटल गाठावं लागलं.

मतदानाला दोन दिवस उरले होते. उमेदवाराने हॉस्पिटलच्या खाटेवरूनच व्हिडिओ काढला आणि मी मैदान सोडणार नाही असं सांगितलं. १० मे रोजी मतदान झालं आणि तो जिंकला. हल्लेखोराला पुढे शिक्षाही झाली.

उमेदवाराचं नाव रिचर्ड ओजेडा. निवृत्त आर्मी मेजर, चोवीस वर्षं लष्करात, इराक आणि अफगाणिस्तान दोन्हीकडे तैनाती. पाठीवर शहीद झालेल्या सोबत्यांची नावं गोंदवलेली. आडनाव स्पॅनिश आहे, कारण आजोबा मेक्सिकोतून खाणीत काम करायला आले होते. स्पॅनिशमध्ये त्याचा उच्चार ‘ओहेदा’ असा होईल, पण लोगनमध्ये सगळे ‘ओजेडा’च म्हणतात.

आता यात एवढं सांगण्यासारखं काय? तर हा माणूस डेमोक्रॅटिक पक्षाचा. म्हणजे ओबामा, हिलरी क्लिंटन, बायडन यांचा पक्ष. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोगन काउंटीने डोनाल्ड ट्रम्पना सुमारे ८० टक्के मतं दिली. त्याच दिवशी, त्याच मतपत्रिकेवर, तिथल्याच मतदारांनी ओजेडांना राज्याच्या सिनेटमध्ये पाठवलं. ओजेडांनी स्वतःही ट्रम्पनाच मत दिलं होतं आणि ते लपवलंही नाही.

बंदुकीच्या बाजूचा, कोळशाच्या बाजूचा, लष्करी शिस्तीचा, ट्रम्पना मत देणारा डेमोक्रॅट. अमेरिकेच्या ग्रामीण भागात अशा नेत्यांना ‘कॉन्झर्व्हेटिव्ह डेमोक्रॅट’ म्हणतात. आज ही जमात जवळपास संपल्यात जमा आहे. ती का होती आणि का संपतेय, हे समजून घ्यायला ओजेडांची ही एक निवडणूक पुरेशी आहे.

आधी जागा समजून घेऊ

अमेरिकेत प्रत्येक राज्याचं स्वतःचं विधिमंडळ असतं. वेस्ट व्हर्जिनियात त्याची दोन सभागृहं आहेत. हाउस ऑफ डेलिगेट्समध्ये १०० सदस्य, सिनेटमध्ये ३४. सिनेटसाठी राज्याचे १७ मतदारसंघ केलेत, प्रत्येकातून दोन जण, मुदत चार वर्षं. (वॉशिंग्टनची सिनेट वेगळी. ‘सिनेटर’ शब्द दोन्हीकडे असल्यामुळे बातम्या वाचताना गडबड होते.)

आख्ख्या राज्याची लोकसंख्या १८ लाखांच्या आसपास. म्हणजे एका सिनेट मतदारसंघात लाख-सव्वा लाख माणसं, तीही पोराबाळांसकट. महाराष्ट्रात विधानसभेच्या एका मतदारसंघात सरासरी सव्वातीन लाखांहून जास्त नुसते मतदारच असतात. यावरून अंदाज घ्या, तिथली जागा किती छोटी आहे. आमदाराचा पगार वर्षाला २० हजार डॉलर, नियमित अधिवेशन ६० दिवसांचं, बाकी वर्षभर स्वतःचा कामधंदा. उमेदवारी अर्जाची फी पगाराच्या एक टक्का, म्हणजे २०० डॉलर.

ओजेडांचा होता सातवा मतदारसंघ. बून, लिंकन आणि लोगन या तीन काउंटी, शिवाय मिंगो आणि वेनचा काही भाग. सगळा डोंगराळ, कोळशाचा पट्टा. दरीत रस्ता, रस्त्याला चिकटून ओढा आणि ओढ्याकाठी घरं. अशा ठिकाणी उमेदवार टीव्हीवर दिसून भागत नाही. तो कुणाचा मुलगा, कुठल्या शाळेत शिकला, त्याचं घरदार कसं आहे, सगळं गावाला माहीत असतं. ओजेडा लष्करातून परतल्यावर तिथल्याच हायस्कूलमध्ये मुलांना लष्करी शिस्तीचे धडे द्यायचे, आपल्याकडे एनसीसी असते साधारण तसं. म्हणजे कित्येक घरांमध्ये ते आधी ‘सर’ होते आणि नंतर उमेदवार.

हा भाग डेमोक्रॅट होताच कशामुळे?

याचं उत्तर बंदुकीच्या गोळ्यांमध्ये आहे, शब्दशः. १९२१ साली याच लोगन काउंटीत ब्लेअर माउंटनची लढाई झाली. सुमारे १० हजार खाणकामगार युनियन करायचा हक्क मागत हत्यारं घेऊन डोंगराकडे निघाले. समोर होता काउंटीचा शेरीफ डॉन चॅफिन, ज्याच्या फौजेला कोळसा कंपन्यांचा पैसा होता. कामगारांनी ओळख म्हणून गळ्यात लाल रुमाल बांधले होते. शेवटी केंद्राचं सैन्य आलं तेव्हा लढाई थांबली. अमेरिकेतला कामगारांचा हा सगळ्यात मोठा सशस्त्र उठाव मानला जातो, पण शाळेच्या पुस्तकांत तो बरीच वर्षं जवळपास नव्हताच.

पुढे १९३०च्या दशकात डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी कायद्याने युनियनला संरक्षण दिलं. खाणकामगारांची संघटना वाढली, पगार वाढले, दवाखाने आले. त्यानंतर इथे डेमोक्रॅट असणं हा विचारसरणीचा प्रश्नच राहिला नाही. घराण्याचा देव असतो, तसा घराण्याचा पक्ष. १९८८ मध्ये डेमोक्रॅट उमेदवार मायकल डुकाकिस ५० पैकी ४० राज्यांत हरले, पण वेस्ट व्हर्जिनिया जिंकले.

पण चर्च, शिकार, बंदूक, कुटुंब याबाबतीत हीच माणसं जुन्या वळणाची होती. जोपर्यंत निवडणूक पगार आणि पेन्शनवर व्हायची, तोपर्यंत यात विरोधाभास वाटला नाही. दोन गोष्टींनी गणित फिसकटलं. एक, खाणीतली माणसं कमी झाली. यंत्रं आली, नंतर स्वस्त नैसर्गिक वायू आला. १९४०च्या दशकात राज्यात सव्वा लाखाच्या आसपास खाणकामगार होते, २०१६ पर्यंत ते पंधरा हजारांच्याही आत आले. कामगार गेले तशी युनियन गेली आणि युनियनबरोबर पक्षाचा गावातला माणूसही गेला. दुसरी गोष्ट, डेमोक्रॅटिक पक्ष शहरांचा, पर्यावरणाचा, बंदूक नियंत्रणाचा पक्ष म्हणून ओळखला जाऊ लागला.

२००० मध्ये अल गोर हे राज्य हरले. इथली पाच इलेक्टोरल मतं मिळाली असती, तर फ्लोरिडाचा सगळा गोंधळ होऊनही गोर राष्ट्राध्यक्ष झाले असते. २०१२ मध्ये तर कमाल झाली. डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत ओबामांसमोर टेक्सासच्या तुरुंगात बसलेला एक कैदी उभा होता. त्याला वेस्ट व्हर्जिनियात ४१ टक्के मतं पडली. समोरचा कोण आहे याच्याशी लोकांना देणंघेणं नव्हतं, ओबामा नकोत एवढंच होतं.

दोन वर्षांनी, २०१४ मध्ये, ऐंशीहून जास्त वर्षांनी हाउस ऑफ डेलिगेट्स रिपब्लिकन पक्षाकडे गेलं. सिनेटमध्ये निकाल लागला १७-१७. निकालाच्या दुसऱ्याच दिवशी एका डेमोक्रॅट सिनेटरने पक्ष बदलला आणि तीही गेली. पक्षांतरबंदीसारखा कायदा तिथे नाही. सकाळी उठून पक्ष बदलायचा, आमदारकी तशीच.

मग ओजेडा कसे जिंकले?

२०१४ मध्ये ओजेडांनी पहिली उडी घेतली ती थेट वॉशिंग्टनसाठी. १९ वेळा खासदार झालेल्या निक राहॉल यांना त्यांनी पक्षांतर्गत निवडणुकीत आव्हान दिलं. हरले, पण एका नवख्याला तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास मतं पडली. नोव्हेंबरमध्ये राहॉलही हरले. त्यांना हरवणारे इव्हान जेनकिन्स वर्षभर आधीपर्यंत डेमोक्रॅटच होते.

२०१६ मध्ये ओजेडा आपल्या आवाक्यातल्या जागेकडे आले. सातव्या मतदारसंघात विद्यमान सिनेटर होते आर्ट किर्केंडॉल, तेही डेमोक्रॅट, लोगन काउंटीच्या कारभारात अनेक वर्षं मुरलेले. खरी लढत इथेच होती. अजूनही या भागात बहुतेक मतदारांची नोंदणी डेमोक्रॅट म्हणूनच होती, त्यामुळे पक्षाची प्राथमिक निवडणूक म्हणजे अर्धी लढाई.

ओजेडांच्या प्रचारात रिपब्लिकन पक्षाला फारशी जागा नव्हती. त्यांचा निशाणा होता कोर्टहाउसमधली जुनी मंडळी, म्हणजे वर्षानुवर्षं काउंटीची कामं, नोकऱ्या आणि मतं सांभाळणारं जाळं. लोगनमध्ये हा मुद्दा लागणारच होता. १९६० मध्ये केनेडी इथली प्राथमिक निवडणूक जिंकले, तेव्हा पैसा कसा वाटला गेला याच्या गोष्टी तिथे आजही सांगतात. २००० नंतरही मतं विकत घेतल्याच्या प्रकरणात काउंटीच्या शेरीफला गुन्हा कबूल करावा लागला होता. त्यामुळे ‘आपल्याच पक्षातल्या लोकांनी आपल्याला लुटलं’ हे सांगणारा डेमोक्रॅट लोकांना परका वाटला नाही, उलट खरा वाटला. आणि मग मतदानाच्या तोंडावर हल्ला झाला.

त्याच महिन्यात वरच्या पातळीवर काय चाललं होतं बघा. मार्चमध्ये हिलरी क्लिंटन एका टीव्ही कार्यक्रमात बोलता बोलता म्हणून गेल्या की आपण बरेच खाणकामगार आणि कोळसा कंपन्या धंद्याबाहेर घालवणार आहोत. पुढचं वाक्य खाणकामगारांना वाऱ्यावर सोडायचं नाही या अर्थाचं होतं, पण ते कुणी ऐकलं नाही. मे महिन्यात त्या मिंगो काउंटीत गेल्या, तर बाहेर निदर्शनं. १० मेच्या प्राथमिक निवडणुकीत बर्नी सँडर्स यांनी राज्यातल्या सगळ्या ५५ काउंटी जिंकल्या. सँडर्स डावे, ट्रम्प उजवे, पण इथल्या मतदाराला दोघांत एक गोष्ट सारखी दिसत होती. दोघेही प्रस्थापितांवर तुटून पडत होते.

ओजेडांची भाषा याच सुराची. कोळसा हवा, कारण त्यावर घरं चालतात. बंदूक हवी, कारण ती प्रत्येक घरात आहे. पण कंपनीच्या मालकावर विश्वास नको, युनियन हवी, शिक्षकांना पगार हवा. त्यांना उजवं म्हणायचं की डावं, यावर अमेरिकन पत्रकारांनी पुढे पानंच्या पानं खर्च केली. माझ्या मते लोगनमध्ये बसून पाहिलं तर हा प्रश्नच पडत नाही. १९२१च्या लाल रुमालवाल्यांकडेही बंदुका होत्याच की.

मदत झाली ती आणखी एका तांत्रिक गोष्टीची. २०१५ पर्यंत वेस्ट व्हर्जिनियाच्या मतपत्रिकेवर एकाच खुणेत पक्षाच्या सगळ्या उमेदवारांना मत द्यायची सोय होती. रिपब्लिकन बहुमताने ती रद्द केली. २०१६ मध्ये मतदाराला वरपासून खालपर्यंत प्रत्येक पदासाठी वेगळी खूण करावी लागली. ट्रम्पना खूण करणारा हात खाली येईपर्यंत ओळखीच्या नावापाशी थांबला. त्याच मतपत्रिकेवर राज्याने ट्रम्पना ४२ टक्क्यांची आघाडी दिली आणि गव्हर्नर म्हणून डेमोक्रॅट निवडला. हे जिम जस्टिस, कोळशाचे धनाढ्य मालक, २०१५ पर्यंत रिपब्लिकन म्हणून नोंद असलेले.

निवडून आल्यावर

अल्पमतातल्या पक्षाचा नवखा आमदार काय करणार, असं कुणालाही वाटेल. ओजेडांनी पहिल्याच अधिवेशनात वैद्यकीय गांजाला परवानगी देणारं विधेयक आणलं. ऐकायला विचित्र वाटतं, पण त्यांच्या मतदारसंघाकडे बघा. मिंगो काउंटीतल्या कर्मिट या जेमतेम ४०० वस्तीच्या गावात दोन वर्षांत ९० लाखांच्या आसपास वेदनाशामक गोळ्या आल्या होत्या, त्याही व्यसन लावणाऱ्या. चार्ल्सटनच्या स्थानिक वृत्तपत्राने हे बाहेर काढलं आणि त्याला २०१७चं पुलित्झर मिळालं. खाणीत पाठ मोडलेला माणूस आणि युद्धावरून आलेला सैनिक या गोळ्यांत अडकत होते. त्यांना दुसरा काही पर्याय द्या, असा ओजेडांचा मुद्दा होता. रिपब्लिकन बहुमताच्या सिनेटने विधेयक २८ विरुद्ध ६ मतांनी मंजूर केलं. एप्रिल २०१७ मध्ये त्याचा कायदा झाला.

त्यांचं नाव देशभर झालं ते पुढच्या वर्षी. वेस्ट व्हर्जिनियातल्या शिक्षकांचे पगार देशात तळाला होते आणि आरोग्य विम्याचा खर्च वाढत चालला होता. पाणी गळ्याशी आलंय हे सिनेटमध्ये ओरडून सांगणाऱ्यांत ओजेडा पुढे होते. पैसा कुठून आणायचा यावरही त्यांचं म्हणणं स्पष्ट होतं, नैसर्गिक वायू काढणाऱ्या कंपन्यांवरचा कर वाढवा. २२ फेब्रुवारी २०१८ला संप सुरू झाला आणि सगळ्या ५५ काउंटींमधल्या शाळा बंद पडल्या. कित्येक शिक्षकांच्या गळ्यात लाल रुमाल होते. विधिमंडळाच्या इमारतीत ओजेडांच्या नावाच्या घोषणा झाल्या. नऊ शाळेचे दिवस बुडाले आणि ५ टक्के पगारवाढ घेऊनच शिक्षक परत गेले. ही वाढ शिक्षकांबरोबर राज्याच्या इतर कर्मचाऱ्यांनाही मिळाली. त्यानंतर ओक्लाहोमा आणि ॲरिझोनातही शिक्षक रस्त्यावर उतरले.

मधल्या काळात गव्हर्नर जस्टिस ट्रम्पच्या सभेत जाऊन, ट्रम्प शेजारी उभे असताना, रिपब्लिकन झाले होते. तारीख ऑगस्ट २०१७, म्हणजे डेमोक्रॅट म्हणून शपथ घेतल्याला जेमतेम सात महिने. ओजेडा उलट दिशेने गेले. ट्रम्पना मत दिल्याचा पश्चात्ताप होतो असं त्यांनी उघड सांगितलं आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये पुन्हा लोकसभेसारख्या प्रतिनिधीगृहाची निवडणूक लढवली.

छोटी जागा आणि मोठी जागा यातला फरक इथे दिसतो. ट्रम्पनी हा मतदारसंघ २०१६ मध्ये ४९ टक्क्यांच्या फरकाने जिंकला होता. ओजेडा हरले ते १२-१३ टक्क्यांनी. दोन वर्षांत एवढी दरी भरून काढणारा उमेदवार त्या वर्षी देशात शोधूनच सापडला असता. पण हरले ते हरलेच. प्रचारात समोर नाव रिपब्लिकन कॅरोल मिलर यांचं होतं, लढत मात्र वॉशिंग्टनमधल्या पक्षाच्या चेहऱ्याशी होती. आपल्या दरीतला माणूस म्हणून जी सवलत सातव्या मतदारसंघात मिळाली, ती काही तासांच्या अंतरावरच्या काउंटीत कोण देणार?

यानंतर ओजेडांनी जे केलं, ते मला आजही कळत नाही. पराभवानंतर काही दिवसांतच त्यांनी राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी जाहीर केली. त्यासाठी जानेवारी २०१९ मध्ये सिनेटचा राजीनामा दिला, चार वर्षांची मुदत अर्ध्यात सोडून. महिना संपायच्या आत राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीतूनही माघार. ज्या एकमेव जागेवर त्यांचं नाव पक्षाच्या शिक्क्यापेक्षा मोठं होतं, ती जागा त्यांनी स्वतःच्या हाताने रिकामी केली. शिक्षकांच्या प्रश्नावर पुढचं अधिवेशन तोंडावर आलेलं असताना.

जागेचं पुढे काय झालं?

रिकाम्या जागेवर आधी दुसऱ्या एका डेमोक्रॅटची नेमणूक झाली. २०२० मध्ये ती जागा रिपब्लिकन रूपी फिलिप्स यांनी जिंकली. हे फिलिप्सही पूर्वी लोगनमधून डेमोक्रॅट म्हणून निवडून आलेले. माणूस तोच, गाव तेच, पक्षाचं नाव बदललं. जी कसरत ओजेडांनी ‘मी डेमोक्रॅट आहे, पण तसला नाही’ असं सांगत केली, ती करायची गरजच फिलिप्स यांनी संपवून टाकली. ग्रामीण भागातल्या बहुतेक जुन्या डेमोक्रॅट पुढाऱ्यांनी हाच रस्ता धरला, आणि व्यवहार म्हणून पाहिलं तर तो जास्त सोपा आहे.

जो मँचिन यांचं उदाहरण बातम्यांमुळे तुम्हाला माहीत असेल. राज्याच्या विधिमंडळातून सुरुवात करून गव्हर्नर आणि मग वॉशिंग्टनमध्ये सिनेटर. २०१० च्या जाहिरातीत त्यांनी स्वतःच्याच पक्षाने आणलेल्या पर्यावरणविषयक विधेयकाच्या कागदावर बंदुकीची गोळी झाडली होती. २०१८ मध्ये तेही जेमतेम ३ टक्क्यांनी निवडून आले. २०२४ मध्ये त्यांनी पक्ष सोडला आणि निवडणूक लढवलीच नाही. त्यांच्या जागेवर आता जिम जस्टिस बसतात, अर्थात रिपब्लिकन म्हणून.

एक आकडा मात्र उशिरा बदलला. लोक ट्रम्पना मत देत होते, तरी कागदोपत्री वेस्ट व्हर्जिनियात डेमोक्रॅट म्हणून नोंदलेले मतदार जास्त होते, कारण आजोबांच्या काळापासूनची नोंद बदलायचा त्रास कोण घेणार. २०२१च्या सुरुवातीला तिथेही रिपब्लिकन पुढे गेले. २०२४च्या निवडणुकीनंतर हाउस ऑफ डेलिगेट्समध्ये १०० पैकी ९१ रिपब्लिकन आहेत. राज्याच्या सिनेटमध्ये निवडून आलेल्या ३४ जणांत डेमोक्रॅट उरले दोन. एक हंटिंग्टन शहराच्या बाजूचे, दुसरे उत्तरेकडच्या मॅरियन काउंटीचे. लोगन, मिंगो, बूनच्या कोळसा पट्ट्यातून एकही नाही.